पूर्वेच्या भिंतीचं माप

तात्याबा वडाराने पहार भिंतीला टेकवली, डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि ओसरीच्या पायरीपाशी उकिडवा बसत तो म्हणाला, "आप्पा, सुरुंगाची दारू आता एकाच बाराची उरली. बारवेच्या तळाला फोडून फोडून थकलो. खाली निस्ता काळा पाषाण हाय. शेवटला बार कुटं घालायचा ते तुमी सांगा. ह्यो फुकट गेला तर माज्याकडं काई न्हाई."

करंजदऱ्याच्या पाटलाचं, आप्पांचं, सगळं घर त्या सकाळी जमलं होतं, पण जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मानमोडीच्या साथीत निम्मं गाव गेलं होतं आणि उरलेलं आता तहानेनं चाललं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले. वडवणीच्या बाजारात बैल कुणी फुकट घेईना. ज्यांना पाय होते ते तेलगावाकडे निघून गेले. सुरुंगाची दारू पुन्हा आणायची तर बीडला अर्ज, मग परवाना. आणि तो येईपर्यंत गावात राहणार कोण?

सत्यभामा माजघराच्या दाराआड पदर ओढून उभी होती. शेजारी तिची थोरली जाऊ छबुबाई चौकटीला डोकं टेकून बसलेली. सारजा गेल्यापासून छबुबाई अशीच बसायची, जिथे टेकेल तिथे. दुधाचे दात पडायला लागलेली एकुलती एक पोर. ओढ्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायली, तिला पटकी झाली आणि दिवस मावळायच्या आत संपली. गावातली आणखीही दोन-तीन लेकरं तशीच गेली होती. झिऱ्याचं पाणी वाईट आहे हे सगळ्यांनाच कळत होतं. पण दुसरं पाणी नव्हतं.

"पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाला घाला," रामकिसन म्हणाला. तो थोरला, सारजाचा बाप. महिनाभरात त्याच्या दाढीचे खुंट पांढरे झाले होते. "तिकडून ओढा जवळ हाय. कुटं तरी झरा आसंल."

"भिंतीला हात लावू नका, दादा."

बोलला तो धाकटा गहिनीनाथ, सत्यभामेचा नवरा. तो खांबाला पाठ लावून बसला होता आणि त्याचं तोंड भावाकडे नव्हतं, जरा बाजूला, मोकळ्या जागेकडे होतं. त्याच्या दोन्ही बुबुळांवर दह्यासारखं पांढरं फूल पडलेलं होतं.

"कावून? तुजी हाय का भिंत?"

"कुनाचीच न्हाई. म्हनूनच म्हंतो. यादवांच्या वक्ताची बारव हाय ती. पुन्हा व्हायची न्हाई."

"आन मानसं व्हत्यात काय पुन्हा?"

दोघांची आई तुळजाबाई मध्ये पडली. "त्याला बोलू नगंस रामकिसन. आदीच देवानं त्याला..." पुढचं तिने पदरात गिळलं. धाकट्याचे डोळे गेल्यापासून ती त्याच्याच बाजूने असायची, बाजू कोणतीही असो.

गहिनीनाथ नोकरीवर गेला तेव्हा याच ओसरीवर साखर वाटली गेली होती. निजामसरकारने जुन्या इमारतींची पाहणी करून त्यांचे नकाशे काढायचं काम सुरू केलं होतं आणि त्यासाठी उमेदवार हवे होते. पाटलाचा धाकटा लेक फारसी शिकलेला, अक्षर सुरेख. त्याने औरंगाबादेला राहून वर्षभर काम शिकलं. वेरुळाच्या लेण्यांत उन्हाळाभर उभा राहून त्याने खांब मोजले. तिथेच डोळे आले. एका वैदूने कसला पाला पिळला. डोळ्यांची आग थांबली, आणि नजरही. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

घराने ही गोष्ट झाकली. डोळे आलेत म्हणून रजेवर आलाय, बरे होतील, असं गावात सांगितलं. डोळे जायच्या आधीच खात्याच्या साहेबाने त्याला म्हटलं होतं, तुझ्या मुलखातली एखादी जुनी इमारत पुरी मोजून नकाशे आण, म्हणजे तुला कायम करतो. बारव होतीच, पाटलाच्याच शेतात. आप्पांची त्या नोकरीवर फार आशा. सरकारात आपलं माणूस असावं, ही त्यांची जन्माची भूक. म्हणून बारव मोजायला माणूस हवं, आणि ते घरातलंच हवं, हे ठरल्यावर त्यांनीच सांगितलं, "सुनबाईला घेऊन जा. बाहेर वाच्यता नगं."

अशी सत्यभामा शिकली.

सुरुवातीला तिला फीत धरायचीही लाज वाटे. मग हळूहळू हाताला वळण पडलं. फीत ओढून धरायची, पोटात झोल येऊ द्यायचा नाही. ओळंबा सोडला की तो थांबेपर्यंत श्वास रोखून वाट बघायची. लांबी घ्यायची, रुंदी घ्यायची आणि मग कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण घ्यायचा. दोन्ही कर्ण जुळले तर चौकोन खरा, नाही तर कुठेतरी भिंत सरकलेली. गहिनीनाथ पायरीवर बसून विचारायचा, ती सांगायची. चुकलं तर तो चिडायचा नाही. "पुन्हा बघ," एवढंच म्हणायचा. एकदा तिने एका कोनाड्याचं माप शेजारच्या कोनाड्यावरून अंदाजाने लिहिलं. त्याने बोटांनी दोन्ही कोनाडे चाचपले आणि म्हणाला, "ह्यो लहान हाय. वाटतं ते लिहायचं न्हाई, सत्यभामा. दिसतं ते लिहायचं. आपून हितं तेवढ्यासाठीच हावोत."

आकडे ती तिथेच शिकली, अक्षरंही. पाटावर कागद खिळवून रेघ ओढताना तिला आपल्या हातांचं नवल वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याशी एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. वर गाव वाळत होतं, जनावरं मरत होती, आणि खाली त्या दगडी गारव्यात ती दोघं एका खांबाच्या जाडीवरून तासन्‌तास बोलत बसायची. पुढे या दिवसांची आठवण आली की तिला वाटायचं, आपण सुखी होतो. आणि तसं वाटलं म्हणूनच ती स्वतःला माफ करू शकली नाही.

बारवेच्या पूर्वेच्या भिंतीत निजलेला देव होता. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, भोवती वाजंत्री. गाव त्याला निजलेला देवच म्हणे. काम त्या भिंतीवर आलं तेव्हा देवाच्या मागच्या फटीची खोली घ्यायला फीत आत सारली, आणि फितीचं टोक ओलं आलं.

सत्यभामेने ते गहिनीनाथाच्या हातात दिलं. त्याने अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं.

"ही भिंत ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "शेवटी मोजू. आन हे कुनाला सांगू नगंस."

"पानी हाय का हो तिकडं?"

"ओल हाय. ओल म्हंजी पानी न्हवं. पन ह्या लोकायला कळलं तर उद्याच पहारी घेऊन येतील. देव फोडतील आन आतून चिखल निघंल. मग?"

तिने फीत गुंडाळली आणि कुणाला सांगितलं नाही. त्याला यातलं कळतं, असं तिला वाटलं. वाटलं, दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते ओलं टोक.

त्यानंतर आठवडाही झाला नाही, तोच सारजा गेली.

ओसरीवर बोलणं पुन्हा पेटलं होतं. तात्याबा म्हणत होता, पश्चिमेला खडक एकसंध आहे, तिथे दारू वाया जाईल. रामकिसन ऐकत नव्हता. गहिनीनाथ म्हणत होता, बारव सोडा, ओढ्याच्या पात्रात बार घाला.

"ओढ्यात!" रामकिसन हसला; त्यात हसू नव्हतं. "ओढ्यातलंच पानी पिऊन माजी पोर गेली, आन तू मला ओढा दाखवतो. तुला तुजी नोकरी पाह्यजे. कागदावर बारव पाह्यजे. आम्ही मेलो तरी तुजा नकाशा सायबाला पोचला पाह्यजे."

"तसं न्हाई, दादा."

"मंग कसं हाय, सांग बे!"

"रामकिसन," आप्पा म्हणाले. इतका वेळ ते खाली मान घालून बसले होते. "भांडू नका. त्याची नोकरी ही घराची नोकरी हाय. तात्याबा, तू पुन्हा तळालाच घाल. मधोमध. भिंतीला धक्का नगं. निघालं तर निघालं."

"न्हाई निघायचं, आप्पा," तात्याबा पडल्या आवाजात म्हणाला. "मी सांगतो की."

"मंग नशीब."

तात्याबा उठला. त्याने पहारीला हात घातला. सत्यभामेला दिसलं, की आता हा माणूस जाईल, शेवटची दारू काळ्या दगडात जाळेल आणि संध्याकाळी बायका घागरी घेऊन पुन्हा झिऱ्यावर जातील. सासऱ्यापुढे आणि थोरल्या दिरापुढे ती आजवर तोंड उघडून बोलली नव्हती. पदर कपाळावरून पुढे ओढून ती उंबऱ्याच्या बाहेर आली.

"आप्पा, पूर्वेला पानी हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. गहिनीनाथाचीही वळली, आणि या वेळी त्याचं तोंड बरोबर तिच्याकडे होतं.

"निजलेल्या देवाच्या मागं फट हाय. फीत आत घातली तर ओली येती. दगडाच्या मागचा खडक मऊ हाय, मुरमाड. तिथं बार घाला. देवाच्या उशापासून हातभर खाली."

"सत्यभामा," गहिनीनाथ म्हणाला. "पुन्हा बघ. तू नीट बघितलं न्हाईस."

"बघितलं. दिसलं ते सांगते. तुमीच शिकवलं."

तुळजाबाई पुटपुटली, "देव फोडायचा? निजलेला देव?" पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रामकिसन उभा राहिला होता. तात्याबा पुढे येऊन विचारू लागला, फट केवढी, खोली किती, ओल दुपारीही असते का. सत्यभामा सांगत होती. तिला सगळं पाठ होतं. त्या भिंतीचं एकही माप कागदावर नव्हतं, पण तिच्या हातांत होतं. क्षणभर तिला वाटलं, आपण बरं केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"तुला कवा कळलं?"

छबुबाई उठून दारात उभी होती. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून एवढे शब्द कुणी ऐकले नव्हते.

"आक्का..."

"कवा कळलं म्हनते. सारजाच्या आदी, का मागनं?"

'मागनं' म्हणायचा अवकाश, आणि सगळं निभावलं असतं. खरं काय ते जाणणारा एकच माणूस होता आणि तो सांगणार नव्हता. सत्यभामेने जावेकडे बघितलं. याच बाईने तिला या घरात आल्यावर भाकरी थापायला शिकवली होती. दोन वेळा तिचं पोट पडलं तेव्हा हीच उशाशी बसून होती.

"आदी," ती म्हणाली. "त्या दिशी सारजा माज्यासंगंच आलती, आक्का. फटीत माजा हात जाईना. तिचा गेला. फीत तिनंच आत सारली. हात ओला झाला तिचा. बोट चाटून म्हनली, काकू, गोड हाय."

छबुबाईचे ओठ हलले, बहुधा शेवटचे दोन शब्द तिने स्वतःशीच म्हणून बघितले. मग ती चौकट धरून हळूहळू खाली बसली.

रामकिसन भावाकडे वळला. "तुला ठावं व्हतं?"

"ओल व्हती, दादा. पानी हाय आसं मला..."

पुढचं बोलू न देता रामकिसनने त्याची मुंडी धरून त्याला खांबावर आपटलं. गहिनीनाथने हात वर केले नाहीत. आप्पा ओरडले, तात्याबाने रामकिसनला मागे ओढलं. तुळजाबाई मात्र जागची हलली नाही. आंधळ्या लेकाकडे तिने एकदा बघितलं, मग पाठ फिरवली आणि थोरल्या सुनेजवळ जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं.

आप्पांच्या तोंडून एवढंच निघालं, "तात्याबा, पूर्वेला घाल."

दुपार कलायच्या आत तात्याबाने भोक पाडलं. बार भरायच्या आधी आप्पा स्वतः खाली उतरले, देवाच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं आणि पटका काढून डोकं टेकवलं. वर येताना त्यांना हात द्यावा लागला. उरलंसुरलं गाव लांब बांधावर उभं होतं. गहिनीनाथला कुणी आणलं नव्हतं. काठीने रस्ता शोधत तो एकटाच आला होता आणि कपाळावरचं रक्त त्याने पुसलंही नव्हतं.

बार झाला. जमीन पोटातून हलली, धुराचा लोट वर आला आणि मग दगड पडायला लागले. ते पडणं लवकर थांबेना. एक पडला की त्याच्या आधाराचा दुसरा सुटायचा. सत्यभामेला प्रत्येक आवाज ओळखू येत होता: हे वरचे थर, हा कोनाडा, ही वाजंत्र्यांची पट्टी. तिने डोळे मिटून घेतले तरी भिंत तिला रेघारेघांनी दिसत राहिली.

मग खाली उतरलेल्या तात्याबाची आरोळी आली. "आलं! आलं रे आलं!"

लोक पळाले. पडलेल्या दगडांच्या मधून तांबूस पाण्याची धार लागली होती, मनगटाएवढी. बघता बघता ती नितळ झाली. बायका रडत होत्या, बाप्ये ओंजळीने तोंडावर पाणी मारून घेत होते. धुळाजी धनगर उरलेल्या शेरडांना खांद्यावर उचलून पायऱ्या उतरत होता. देवाचं शिर उलटं पडलं होतं आणि त्याच्यावर पाय देऊन लोक घागरी पुढे करत होते. त्यात कुणाचा काही दोष नव्हता.

गहिनीनाथ काठावरच बसून होता. सत्यभामा त्याच्यापाशी गेली.

"सगळी भिंत गेली?" त्याने विचारलं.

"सगळी."

"कागदावर काय हाय तिचं?"

"काईच न्हाई. ती ऱ्हाऊ द्या म्हनला व्हता तुमी."

त्याने मान हलवली. खालचा गलका तो ऐकत होता. "पानी चांगलं हाय?"

"चांगलं हाय."

"किती दिस आदी निघालं असतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आप्पाला सांग, सायबाला लिहून कळवा. उमेदवाराला दिसत न्हाई म्हनावं. कागद चुलीत घाल नायतर ठेव, मला विचारू नगंस." तिने हात पुढे केला. तो त्याला दिसला नाही, किंवा त्याने धरला नाही. काठी चाचपून तो उठला आणि घराची नव्हे ती वाट धरून चालू लागला. सत्यभामा त्याला वळवायला निघाली, तोच तिला छबुबाई दिसली.

पहिला हंडा छबुबाईला भरू दिला होता. सगळे बाजूला झाले होते. तो डोक्यावर घेऊन ती पायऱ्या चढली, आणि घराकडे न वळता माळाच्या दिशेने निघाली. सत्यभामा थांबली. एकीकडे नवरा चुकीच्या वाटेने चालला होता, दुसरीकडे जाऊ. तिने काठावरची कुणाची तरी भरली घागर उचलली आणि ती छबुबाईच्या मागे गेली.

माळावर लेकरांना पुरायची जागा होती. त्या वर्षी तिथे मोकळी माती फार दिसायची. एका लहानशा ढिगावर काटेरी फांद्या ठेवल्या होत्या. छबुबाईने त्या एकेक करून बाजूला केल्या, हंडा खाली उतरवला आणि तिरपा करून पाणी ओतायला लागली. घाई नव्हती तिला. माती पाणी पीत गेली. वाटेने बारवेकडे चाललेली दोन माणसं हे बघून थबकली. पाणी असं वाया जाताना बघून त्यांचे जीव कळवळले असतील, पण कुणी बोललं नाही.

हंडा रिकामा झाला. छबुबाईने तो हलवून बघितला.

सत्यभामा पुढे झाली. डोक्यावरची घागर उतरवून तिने दोन्ही हातांनी जावेपुढे धरली. "आक्का, हे घ्या. आनखी आनते मी. लागंल तेवढं आनते."

छबुबाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सत्यभामेला सोसला असता.

"नगं," ती म्हणाली. "तुज्या हातचं नगं तिला."

तिने काटेरी फांद्या पुन्हा ओल्या मातीवर रचल्या, रिकामा हंडा काखेत घेतला आणि ती निघून गेली. सत्यभामा भरली घागर धरून उभी राहिली. ऊन कलत होतं, बारवेकडून माणसांचा आनंदाचा गलका येत होता, आणि ती घागर घेऊन आता कुणाच्या दारात जायचं, हे तिला काही केल्या सुचेना.